डॉक्टरबाईंनी खुर्ची सोडली तेव्हा

डॉक्टरबाईंनी पाकीट हातात घेतलं, मागून-पुढून बघितलं आणि न उघडता टेबलावरून परत माझ्याकडे सरकवलं.

"चहा घेणार ना?" त्या म्हणाल्या.

"बाई, आधी वाचा तरी."

"कोणाला लिहिलंय?"

"तुम्हालाच. सगळ्या मुलींच्या सह्या आहेत. माझी पहिली."

"मग चुकीच्या पत्त्यावर आलंय. मी आता तिथे कोणी नाही, वैशाली."

मी गोरेगावहून दोन बस बदलून मुलुंडला आले होते. अर्धा दिवस रजा टाकून. आणि या बाई मला चहा विचारत होत्या. मला रडूही येत होतं आणि रागही.

डॉक्टरबाई म्हणजे आमच्या फाउंडेशनच्या संस्थापक. संस्थेचं नाव इथे सांगत नाही, कारण गोष्ट नावाची नाही. दिंडोशीच्या मागे टेकडीवर जी वस्ती आहे, तिथे आम्ही आरोग्याचं काम करायचो. मी तिथे फील्ड सुपरवायझर होते. फील्ड सुपरवायझर म्हणजे आरोग्यसेविकांच्या वरची आणि बाकी सगळ्यांच्या खालची. सेविका रोज घरोघरी जायच्या, मी त्यांच्या मागे फिरायची, त्यांची रजिस्टरं तपासायची आणि महिन्याचा रिपोर्ट ऑफिसात द्यायची. ऑफिस खाली रस्त्यावर, सेंटर वर टेकडीवर. मधे पायऱ्या. किती ते मी कधी मोजलं नाही, पण माझ्या गुडघ्यांना माहीत आहे.

मी लागले तेव्हा तिशीही ओलांडली नव्हती. वडील गिरणीत होते, गिरणी गेली, घरात मी थोरली. नर्सिंगचा छोटा कोर्स केलेला होता. इंटरव्ह्यूला गेले तर सेंटर म्हणजे पत्र्याची एक खोली. आत वाशाला लटकता काटा, काट्याला कापडी झोळी, झोळीत एक बाळ गळा काढून रडतंय. साडीचा पदर खोचलेली एक बाई काट्यावरचा आकडा ओरडून सांगतेय आणि लिहायला कोणीच नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पेन आहे?" मी म्हटलं, आहे. "मग लिही." झाला इंटरव्ह्यू.

तो बुधवार होता. आमच्याकडे बुधवार म्हणजे वजनाचा दिवस. पाच वर्षांखालचं प्रत्येक मूल महिन्यातून एकदा काट्यावर चढायचं. त्याचं एक ग्रोथ कार्ड असायचं. कार्डावर दर महिन्याच्या वजनाचं टिंब द्यायचं आणि टिंबं जोडून रेघ काढायची. रेघ वर चढत असेल तर मूल बरं. आडवी झाली तर सावध व्हायचं. खाली वळली तर त्याच दिवशी घर गाठायचं. इतकं सोपं. अक्षर न ओळखणारी आईसुद्धा कार्ड बघून सांगायची, "ताई, ह्या महिन्यात रेघ झोपली."

त्या काळात टेकडीवर जुलाबाने मुलं दगावायची. सुलभाची प्रिया अशीच जवळजवळ गेली होती. सुलभा कणकवलीकडची, लग्न होऊन टेकडीवर आलेली, तेव्हा जेमतेम वीस-एकवीसची. पोर मांडीवर घेऊन आली तेव्हा पोरीचे डोळे खोल गेलेले, टाळू बसलेली, रडायचंही त्राण नाही. खाली न्यायला गाडी मिळेना. डॉक्टरबाईंनी स्टीलच्या वाटीत मीठ-साखरेचं पाणी केलं आणि जमिनीवर मांडी घालून बसल्या. चमचा, मग थांबा. चमचा, मग थांबा. दुपारभर. मधे कधीतरी त्यांनी मला त्यांच्या हातातलं घड्याळ काढून ठेवायला सांगितलं, कारण त्याचा पट्टा पोरीच्या गालाला घासत होता. उन्हं कलताना पोरीने लघवी केली. बाईंच्या साडीवर. आम्ही सगळ्या हसलो, सुलभा रडली. जुलाब झालेल्या मुलाला लघवी होणं म्हणजे काय, ते आमच्या धंद्यातल्या माणसालाच कळतं.

ही गोष्ट मी पुढे किती वेळा सांगितली असेल. देणगीदार आले की प्रिया, नवीन सेविका आली की प्रिया, वार्षिक अहवालात प्रिया. ती शाळेत गेली, दहावी झाली, एका लॅबच्या कलेक्शन सेंटरला नोकरीला लागली, सगळं अहवालात.

तर अशा डॉक्टरबाईंनी सत्तरी ओलांडल्यावर एक दिवस जाहीर केलं की त्या थांबतायत. सल्लागार नाही, मानद अध्यक्ष नाही, काही नाही. निरोप समारंभात शाल-श्रीफळ घेतलं, दोन मिनिटं बोलल्या, कपाटाची चावी टेबलावर ठेवली आणि रिक्षात बसल्या. आम्ही सगळ्या फुटपाथवर उभ्या राहून रडत होतो. रिक्षावाला विचारत होता, "कोणी वारलं काय?"

महिनाभराने ट्रस्टींनी नवीन डायरेक्टर आणला. अभिजित. चाळिशीचा, आधी एका विमा कंपनीत मोठ्या जागेवर. बोलायला नम्र. पण पहिल्याच मीटिंगमध्ये लॅपटॉप उघडला आणि म्हणाला, "आपल्याला पुढच्या तीन वर्षांच्या प्रायॉरिटीज ठरवायच्या आहेत."

मी म्हटलं, "सर, प्रायॉरिटी ठरलेलीच आहे. मुलं."

"टेकडीवर खूप कुपोषित मुलं आहेत का आता?"

"पूर्वीसारखी नाहीत. कारण आम्ही आहोत."

"मान्य. एकदम मान्य, सावंत मॅडम. आणि मोठी माणसं? बीपी, शुगर किती जणांना आहे?"

आमच्याकडे मोठ्या माणसांचं रजिस्टरच नव्हतं. गरोदर बाईचं बीपी आम्ही बघायचो, पण बाळंत झाली की आमचा काटा बाळाकडे वळायचा. आईचं नाव कार्डावर उरायचं ते फक्त 'आईचे नाव' या रकान्यात.

मला त्या वेळी हे असं दिसलं नाही, खरं सांगते. मला फक्त एवढंच दिसलं की हा माणूस बाईंचं काम मोडायला आलाय.

पुढच्या पंधरा दिवसांत त्याचा प्लॅन आला. वरचं सेंटर बंद. खाली रस्त्यावर एक व्हॅन उभी राहणार, त्यात बीपी-शुगरचं स्क्रीनिंग. स्क्रीनिंग म्हणजे त्रास नसलेल्या माणसालाही तपासून बघायचं, आजार लपलाय का ते. रजिस्टरांच्या जागी मोबाइलवर अॅप. आणि घरोघरी फिरायचं नसल्यामुळे आठ सेविकांऐवजी तीन पुरतील.

नसीमाचा चेहरा मला आठवतोय. ती आमची सगळ्यात जुनी सेविका, वरच्याच वस्तीत राहणारी. पन्नाशीला टेकलेली, पण पायऱ्या चढताना मला मागे टाकायची. ती म्हणाली, "तीनमध्ये माझा नंबर लागेल काय ताई? मला तर अॅप उघडता पण येत नाही."

"तू गप गं. मी जाते बाईंकडे."

रात्रभर नाही, पण एक अख्खी दुपार बसून मी ते पत्र लिहिलं. मुद्दे घालून. व्हॅनला कोणी येणार नाही, हा दुसरा मुद्दा. सगळ्यांनी सह्या केल्या. ते पाकीट घेऊन मी मुलुंडला, आणि पुढचं मी सुरुवातीलाच सांगितलं.

चहा आला. बाईंनी स्वतः केला होता. मी कप हातात घेतला नाही.

"बाई, तुम्ही एक फोन केलात ना ट्रस्टींना, तर सगळं थांबेल."

"थांबेल," त्या म्हणाल्या. "म्हणूनच करणार नाही."

"पाच जणींची वाट लागेल."

"मग त्याच्याशी भांड. माझ्याशी कधी भांडलीस का तू? इतक्या वर्षांत?"

मी म्हटलं, "तुमच्याशी कशाला भांडू?"

"तेच म्हणतेय मी," बाई म्हणाल्या. "कोणीच भांडलं नाही. मी म्हणेन ते. ते काही फार चांगलं नव्हतं गं." मग कप माझ्याकडे ढकलून, "थंड होतोय."

परतीच्या बसमध्ये मी खिडकीला डोकं टेकून बसले. बस आरेतून वळणं घेत चालली होती, दोन्ही बाजूंना झाडी, मधेच तबेल्यांचा वास. कधीकाळी याच रस्त्याने बाई आणि मी लसींचा थंड डबा मांडीवर घेऊन पाड्यांमध्ये जायचो. बाई वाटेत मला प्रत्येक पाड्यातल्या बाळंतिणींची नावं विचारायच्या, तोंडी परीक्षा घेतल्यासारखी. चुकलं की पुढच्या पाड्याला मी डबा उचलायचा. त्या दिवशी मात्र मला वाटलं, बाईंनी हात झटकले. म्हातारपणी माणसं स्वार्थी होतात म्हणतात, ते खरं असावं. असलं काहीतरी मी मनात बोलत होते. आज लिहायला लाज वाटते, पण बोलत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तेच पाकीट अभिजितच्या टेबलावर ठेवलं.

"हे काय?"

"तुमच्याविरुद्धचं पत्र आहे. आधी दुसरीकडे नेलं होतं. त्यांनी घेतलं नाही."

त्याने माझ्यासमोरच उघडलं आणि सगळं वाचलं. मला वाटलं चिडेल. त्याने पेन्सिलने दुसऱ्या मुद्द्याखाली रेघ मारली.

"व्हॅनला लोक येणार नाहीत, असं का म्हणता?"

"वर चला, दाखवते."

"आत्ता?"

"आत्ता. आणि बूट बदला."

बूट त्याच्याकडे तेच होते. त्याने बॅगेत नवीन बीपी मशीन टाकलं, नसीमाला बरोबर घेतलं आणि आम्ही निघालो. अर्ध्या वाटेत तो थांबला, कठड्याला हात लावून श्वास घेतला. नसीमा वरच्या पायरीवरून म्हणाली, "सर, अजून तर दुकान पण नाही आलं." तो हसला. मला ते आवडलं नाही. त्या दिवशी तो मला आवडायला नको होता.

मी त्याला थेट सुलभाच्या घरी न्यायचं ठरवलं होतं. आमची हुकमाची गोष्ट. आई भेटेल, घर दिसेल, मुलांचं काम म्हणजे काय ते याला कळेल. वाटेत मी त्याला चमचा-चमचा पाण्याची गोष्ट सांगत होते.

दार उघडंच होतं. प्रिया आत भांडी आवरत होती, सुट्टीचा दिवस असावा. मी "काय गं सुलभा" म्हणत आत पाय टाकला आणि थांबले.

सुलभा खाटेवर होती. उजवा हात मांडीवर ठेवलेला, कोणीतरी दुसऱ्याने ठेवल्यासारखा. मला बघून ती हसली. अर्ध्या तोंडाने. ती काहीतरी म्हणाली ते मला कळलं नाही.

"ती म्हणतेय, बसा," प्रियाने सांगितलं.

"हे कधी झालं?"

"आठ महिने झाले ताई. लकवा."

"मला कोणी सांगितलं का नाही?"

प्रियाने भांडं खाली ठेवलं. आवाज न चढवता ती बोलली, आणि तेच जास्त लागलं. "तुमच्या सेविका दर आठवड्याला दारावरून जातात ना. बाजूच्या घरात बाळ आहे. आमच्याकडे नाही."

नसीमा खाली बघायला लागली. खरंच होतं. लहान मूल नसलेलं घर आमच्या यादीत नव्हतं. प्रिया पाच वर्षांची झाली त्या महिन्यात आम्ही तिचं कार्ड बंद केलं. तिच्या धाकट्या भावाचं बंद झालं तेव्हा ते घरच यादीतून निघालं. गोष्ट मात्र मी सांगत राहिले.

"डॉक्टर काय म्हणाले?" अभिजितने विचारलं.

"बीपी खूप वर्षांचं असणार म्हणाले. आधी कधी तपासलं होतं का विचारलं. मी काय सांगू? माझं वजन बघायचे. आईचं कोणी काय बघितलं नाही." मग तिलाच वाईट वाटलं असावं. "तुम्हाला नाही बोलत ताई. आई स्वतः पण कधी बोलली नाही. डोकं दुखलं की पट्टी बांधायची नि कामाला लागायची."

सुलभा डाव्या हाताने नाही-नाही करत होती. पोरीने मला बोललेलं तिला आवडलं नव्हतं. तिने माझ्याकडे बघून सावकाश, एकेक शब्द ओढून काढत म्हटलं, "बाई... बऱ्या... आसत?"

डॉक्टरबाईंची चौकशी करत होती ती. मी मान हलवली.

अभिजितने प्रियाला आणखी एकच गोष्ट विचारली. "खाली रस्त्यावर फुकट तपासणीची गाडी असती, तर आई गेली असती का?"

"नाही हो सर. ती महिन्यातून एकदा रेशनला उतरायची. गुडघे होते ना तिचे. आणि तब्येत बरी असताना कोण उतरेल एवढं?"

त्याने वळून दाराबाहेरच्या पायऱ्यांकडे बघितलं. मी दाखवायला आणलेली गोष्ट माझ्यावर उलटली होती आणि त्याच्या प्लॅनचं उत्तरही त्याच खोलीत बसलं होतं, खाटेवर.

एव्हाना बाहेर चार बायका जमल्या होत्या. साहेब आलाय आणि मशीन आहे हे टेकडीवर पसरायला वेळ लागत नाही. अभिजितने ओट्यावरच मशीन मांडलं. समोरच्या घरातली म्हातारी आज्जी पुढे आली, पण दंडाला पट्टा गुंडाळायला लागलो तशी मागे सरली.

"माका नको तां. हात आवळून ठेवतलो तो."

"काय नाही होत आज्जी," नसीमा म्हणाली. "बघा, मी लावते पहिले." तिने बाही वर केली, पट्टा बांधला आणि बटण दाबलं. पट्टा फुगला, सैल झाला. "बघा. झालं काय मला?"

मशीनवरचा आकडा मी बघितला आणि अभिजितने बघितला.

बीपीचे दोन आकडे असतात. वरचा साधारण एकशेवीसच्या आसपास असावा. नसीमाचा दोनशेच्या वर होता.

"मशीन नवीन आहे, चुकलं असेल," मी म्हटलं.

"पाच मिनिटं बसू द्या. मग दुसऱ्या हाताला," अभिजित म्हणाला. हे नियमाला धरून होतं; जिना चढून आलेल्या माणसाचा आकडा तसाही वर असतो. पण आम्ही सुलभाकडे अर्धा तास बसलो होतो. पाच मिनिटांनी दुसरा हात. तोच आकडा. पुन्हा एकदा. तोच.

"नसीमा, डोकं दुखतंय?"

"ते तर रोजच दुखतं यार ताई. मेडिकलवाल्याची गोळी घेते ना मी." हे मला माहीत होतं. मीच कितीदा माझ्या पर्समधली गोळी तिला दिली होती. मला वाटायचं, उन्हात फिरते म्हणून.

"सकाळपासून जरा अंधुक पण दिसतं," ती म्हणाली. "चष्म्याचा नंबर वाढला असेल."

मी आणि अभिजितने एकमेकांकडे बघितलं. पहिल्यांदाच सारख्याच अर्थाने.

तिला चालत उतरवायचं नव्हतं. प्रियाने घरातली प्लास्टिकची खुर्ची आणली. शेजारचे तीन पुरुष आले, चौथा पाय अभिजितने धरला. नसीमा खुर्चीत आक्रसून बसली होती आणि शरमेने लाल झाली होती. "इतकी वर्षं मी लोकांना खाली पाठवलं. आता माझीच वरात काढली." दारादारांतून बायका विचारत होत्या, ती प्रत्येकीला सांगत होती, "काय नाही, काय नाही, सर ऐकत नाहीत." अभिजितचे बूट पायरीवर घसरत होते. तो पाय रोवून, एकेक पायरी मोजल्यासारखा उतरत होता. मी पुढे चालत होते आणि मागे वळून बघायची हिंमत होत नव्हती.

खाली रस्त्यावर व्हॅन उभी होती. दोन दिवसांपूर्वीच आलेली, कोरी करकरीत, बाजूला फाउंडेशनचं नाव. अजून एकही माणूस तिच्यात चढला नव्हता. व्हॅनची पहिली पेशंट आमचीच नसीमा.

महापालिकेच्या हॉस्पिटलात तिला लगेच दाखल करून घेतलं. डॉक्टर तरुण होती, थकलेली, पण तिने नीट तपासलं. म्हणाली, वेळेत आणलंत. एवढंच. मी तो शब्द धरून बाकावर बसले.

अभिजित शेजारी बसला. त्याच्या तळहाताला खुर्चीच्या कडेने लाल वळ उठला होता.

"नसीमाताईंचं डोकं दुखतं हे तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

तो पुढे काही टोचून बोलेल म्हणून मी थांबले. तो म्हणाला, "मला तर त्या कुठे राहतात तेही माहीत नव्हतं. आणि मी त्यांना कमी करणार होतो."

मग तोच उठून दोन चहा घेऊन आला. या वेळी मी घेतला.

पुढच्या आठवड्यात प्रायॉरिटीजची मीटिंग पुन्हा झाली. आम्ही भांडलो. खरं भांडलो, आवाज चढवून, दोन दिवस. ट्रस्टींपैकी एक जण मधेच म्हणाले, "डॉक्टरबाईंच्या वेळी असं नसायचं." मी म्हटलं, "म्हणूनच आता होऊ द्या."

ठरलं ते असं. वरचं सेंटर राहिलं. आठही सेविका राहिल्या. पण त्यांच्या पिशवीत आता बीपीचं मशीन आलं आणि यादीत प्रत्येक घर आलं, मूल असो वा नसो. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला घरी जाऊन तपासायचं, औषध सुरू असेल तर गोळ्या चालू आहेत का ते बघायचं. व्हॅन रस्त्यावर वाट बघत उभी न राहता हॉस्पिटलच्या फेऱ्या मारायला लागली. अॅप आलंच, पहिले सहा महिने सेविका कागदावर लिहायच्या आणि मी संध्याकाळी भरायची, मग हळूहळू त्या शिकल्या. सुलभाकडे व्यायाम शिकवायला एक फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून एकदा जायला लागली. हात पूर्ण सुटला नाही तिचा. पण ती भिंतीला धरून मोरीपर्यंत जायला लागली, आणि प्रियाला नोकरी सोडावी लागली नाही.

आणि बुधवार गेला. हे मात्र लिहायलाच हवं. पाच वर्षांखालच्या मुलांचं वजन सेविका घरीच करणार असं ठरलं, त्यामुळे सेंटरवरचा वजनाचा दिवस बंद झाला. ते बरोबर होतं. बाजूने मीच हात वर केला होता. तरी नंतर दोन-तीन बुधवार मी उगाचच सेंटरवर जाऊन बसले. एक-दोन आया सवयीने पोरं घेऊन आल्या. तो कलकलाट, एकाने रडायला सुरुवात केली की सगळ्यांनी सूर लावायचा, रांगेत बायकांच्या सासूच्या तक्रारी, मधूनच बाईंचा आवाज, "लिही गं, लिही." खोलीत आता पंखा होता, फरशी होती, भिंतीला चांगला रंग होता. मी त्या आयांना सांगितलं, ताई घरी येतील. त्या गेल्या. मी थोडा वेळ बसले आणि कुलूप लावलं.

नसीमाला घरी सोडलं त्या दिवशी मी बाईंना फोन केला होता. सुलभाचं सांगितलं, नसीमाचं सांगितलं. पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला.

"बाई?"

"आहे." मग म्हणाल्या, "सुलभाचं बाळंतपणानंतरचं बीपी थोडं वर होतं गं. आठवतंय मला. पुन्हा बघायचं राहून गेलं."

"तेव्हा मुलं मरत होती, बाई. बघायला उसंत कुठे होती?"

"तेव्हा नव्हती. नंतर होती," बाई म्हणाल्या. "आपल्याला मुलांचं काम छान जमायला लागलं होतं ना, म्हणून आपण तेच करत राहिलो."



दीड वर्षापूर्वी मी रिटायर झाले. माझ्या जागी सुपरवायझर म्हणून अभिजितने नसीमाला घेतलं. दहावी नापास बाई सुपरवायझर कशी, असा प्रश्न ट्रस्टींनी काढला होता. त्यावरही भांडण झालं आणि तो जिंकला.

मागच्या महिन्यात मी नसीमाला फोन केला. ऐकलं होतं की सेविकांचे एरिया बदलतायत. मी तिला समजावायला लागले, कोणाला कुठली चाळ द्यावी, कोणत्या गल्लीत कोणाचं चालतं. तिने दोन मिनिटं ऐकून घेतलं.

"ताई," ती म्हणाली, "आता मी बघते ना. तुम्ही कशाला टेन्शन घेता?"

मला राग आला. मग वाटलं, बाईंनी कपाटाची चावी ठेवून रिक्षात बसण्याआधी किती दिवस सराव केला असेल. खुर्ची सोडणं एका दिवसाचं काम नाही, आणि त्याचा कोर्सही कुठे नसतो. इतक्या वर्षांच्या नोकरीतून मला सांगता येण्याजोगा धडा विचाराल तर हा एवढाच आहे.

"बरं, तू बघ," मी म्हटलं.

"आणि ताई, बीपीची गोळी घेतली का आज सकाळची?"

नव्हती घेतली. फोन ठेवला आणि घेतली.